प्रमाणपत्र चालतं, चौकसपणा खपत नाही

दादरपासून ठाण्यापर्यंत ‘एथिकल हॅकिंग’चे, म्हणजे परवानगीने संगणकातले दोष शोधायला शिकवणारे क्लास निघाले आहेत. बहीण फोनवर विचारते, ‘‘दादा, पोराला घालू का? फी बरीच आहे.’’ त्याच फोनवर सोसायटीतल्या काकांना ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देऊन लुबाडल्याचं सांगते आणि म्हणते, या हॅकरांना फोडून काढलं पाहिजे. काकांना लुटणाऱ्यांनी कुठलीही यंत्रणा भेदली नव्हती, नुसता धाक दाखवला होता. पण तिची भीती खरी आहे आणि मुंबईतल्या बहुतेक घरांत ती आहे.

मी नेदरलँड्समधल्या युट्रेक्टमध्ये माहिती सुरक्षेचं काम करतो. हा पेशा क्लासांतून जन्मला नाही, कुणी न सांगता यंत्रं उघडून बघणाऱ्यांतून आला. इथला रॉप खॉन्ग्राइप घ्या. आधी हॅकरांचं मासिक चालवलं, मग 1993 मध्ये सोबत्यांसह एक्सएसफॉरऑल ही इंटरनेट कंपनी काढली. 2006 मध्ये त्याच्या गटाने नेडॅप कंपनीचं मतदानयंत्र मिळवून त्यातला प्रोग्राम बदलून दाखवला. त्या यंत्रावर बुद्धिबळसुद्धा खेळून दाखवलं! सरकारने चौकशी केली आणि 2008 मध्ये कागद-पेन्सिलीवर परतायचं ठरवलं. आजही इथे मत लाल पेन्सिलीने देतात.

हाच रॉप 2010 मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरि प्रसाद यांच्यासोबत भारतीय ईव्हीएममधले दोष दाखवणाऱ्या अभ्यासात होता. त्यांनी तपासलेलं यंत्र मुंबईच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ताब्यातलं. ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी हरि प्रसादांना चोरीच्या गुन्ह्यात अटक केली. आठवड्याभराने जामीन मिळाला. त्याच वर्षी डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने त्यांना पुरस्कार दिला. निवडणूक आयोगाला त्या अभ्यासाचे निष्कर्ष मान्य नव्हते, तो वाद वेगळा. यंत्र कुठून आलं, हे पोलिसांनी विचारायलाच हवं. पण त्यातला दोष दाखवणारा माणूस आधी कोठडीत गेला, हे मला आजही बोचतं.

आपला माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा. कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं गैर. हेतू अप्रामाणिक असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. प्रामाणिकपणे दोष कळवणाऱ्याला स्पष्ट सूट कुठेच नाही. हेतू शेवटी कोर्टात ठरणार, तोवर हेलपाटे त्याचेच. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था दोषांची माहिती घेते, पण त्याने हे संरक्षण मिळत नाही.

नेदरलँड्समध्ये 2013 पासून दोष कळवण्याची सरकारी नियमावली आहे. गरजेपुरतंच बघा, डेटा उपसू नका, दुरुस्तीला वेळ द्या. मग सहसा खटला होत नाही. सरकारी यंत्रणेतला दोष कळवला तर ‘मी डच सरकार हॅक केलं’ असं लिहिलेला टी-शर्टही मिळतो. मर्यादा ओलांडली तर मात्र गय नाही. राजकारणी हेंक क्रोल यांनी एका वैद्यकीय प्रयोगशाळेची ढिलाई उघड करताना गरजेपेक्षा जास्त कागद काढले, तर कोर्टाने 2013 मध्ये त्यांना 750 युरो दंड केला. मला हेच हवंय: रेघ कुठे आहे ते आधी सांगा, मग ती मोडणाऱ्याला पकडा.

बहिणीला सांगितलं, एवढी फी भरू नकोस. घरचा जुना राउटर त्याला खोलू दे, मुंबईतल्या संगणक-सुरक्षावाल्यांच्या खुल्या बैठकांना जाऊ दे. आणि कॉलेजच्या पोर्टलमध्ये काही उघडं सापडलं, तर लेखी परवानगीशिवाय पुढे जाऊ नको म्हणावं. इथल्या त्याच्या वयाच्या पोराला मी म्हटलं असतं, आज रात्रीच कळव.