फारो व्हायचंय सगळ्यांना

पेसाह, म्हणजे मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून सुटल्याच्या आठवणीचा आम्हा ज्यूंचा सण, चार दिवसांवर आला की आमच्या ठाण्याच्या घरात दोन पथकं कामाला लागतात. एक वहिनीचं: डबे, कपाटं, सोफ्याच्या फटी उपसून पावाचा कण न् कण हुडकणारं. दुसरं तीन पोरांना गुंतवून ठेवणारं. त्यात मी एकटी.

"वन्सं, नुसती गोष्ट नका सांगू. करून दाखवा, हल्ली असंच शिकवतात," वहिनी म्हणाली. मग मिसरातल्या विटा थापायला बाजारातून रंगीत मऊ माती आणली. विटा वाळायच्या आत वहिनीने डब्यावरची बारीक अक्षरं वाचली: गव्हाचं पीठ! सणात मात्सा (बिनखमिराची पोळी) सोडून घरात गहू नको, आणि सणाचं खेळणंच गव्हाचं. सगळा मिसर देश खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंकडे रवाना झाला.

मग मात्सा. १८७४ साली पुण्यात मराठीसकट छापलेल्या हगादाची (पेसाहच्या रात्री वाचायच्या पोथीची) प्रत आमच्याकडे आहे. तिच्यात लुगडी नेसलेल्या बायका मात्सा करतानाचं चित्र आहे. ते पाहून मधलीने ओढणीचा काष्टाच घातला. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून व्हायला हवं, नाहीतर खमीर धरतं. आमचं पीठ तांदळाचं (आम्हाला चालतं, युरोपातल्या कित्येक ज्यूंना नाही), तरी घड्याळ लावलंच. ते कोण लावणार यावर बरीचशी मिनिटं गेली. उरलेल्यात धाकट्याने आफ्रिकेचा नकाशा लाटला.

गुलामांना सोडेना म्हणून देवाने मिसरवर आणलेल्या दहा पीडा मात्र झकास वठल्या. गारांना कापूस, बेडकांना प्लास्टिकचे बेडूक. अंधारासाठी थोरल्याने थेट मेन स्विच पाडला. आतून आजोबांची मालिका बंद पडल्याचा आवाज आला. उवांसाठी काही आणावंच लागलं नाही, मधलीच्या वेण्यांत होत्या.

खरी पंचाईत पुढे. फारो, म्हणजे मिसरचा राजा, व्हायला तिघंही तयार, गुलाम कोणीच नाही. शेवटी थोरला फारो झाला. बाकीचे दोघे ठोकळ्यांचा पिरॅमिड रचत बसले आणि इतके रमले की दहावी पीडा उरकून गुलामांचा पुढारी मोशे, म्हणजे मी, "चला, निघायचं!" म्हणून ओरडले, तर धाकटा म्हणाला, "तू जा आत्या. आमचं टोक राहिलंय."

आजी खजुराचा शिरा (रव्याचा नव्हे, पाक) आटवता आटवता हसली. "अगं, तेव्हाही तेच. वाळवंटात पोचल्यावर मिसरातल्या काकड्या, कांदे, लसूण आठवून रडले होते की!"

"काकडी आहे?" फारोने विचारलं.