ताई, श्वास रोखू का?

बावीस वर्षं झाली मी ईसीजी काढतेय. कराडला, एका हृदयरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात. हातापायाला चिमटे लावले, छातीवर जेली लावून रबरी फुगे चिकटवले की दहातली सहा माणसं तरी हाच प्रश्न विचारतात, "ताई, श्वास रोखू का?" काहींनी तर विचारायच्या आधीच रोखलेला असतो. गाल फुगवून, मुठी आवळून, डोळे गच्च मिटून पडलेले असतात. मग अंगातली सगळी थरथर कागदावर उमटते आणि पट्टी वाया जाते. "मामा, श्वास चालू द्या की, मला जित्या माणसाचा ईसीजी काढायचाय," असं म्हटलं की हसतात. हसले की पुन्हा पट्टी बिघडते.

आज लिहायला बसले ते गेल्या मंगळवारमुळे. एक गाववाले दादा चौदा वर्षांच्या पोराला घेऊन आले होते. कबड्डीच्या संघात निवड झालेली, फिटनेसचं सर्टिफिकेट हवं होतं. पोरगा काटक, दंडावर काळा दोरा. ईसीजी काढला. आमचं मशीन स्वतःच निदान छापतं, तसं त्यानं वरच्या कोपऱ्यात छापलं : सायनस ऍरिदमिया. दादांनी तो शब्द मोबाइलमध्ये घातला, समोर काय काय आलं देव जाणे, पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "ताई, पोराच्या काळजात बिघाड हाय का? ठोकं चुकत्यात म्हणं."

मी पट्टी त्यांच्यापुढे धरली. दोन ठोक्यांमधलं अंतर कुठे साडेतीन मोठे चौकोन, कुठे पाच. एक मोठा चौकोन म्हणजे 0.2 सेकंद. हिशेब केला तर हे हृदय आत्ता मिनिटाला 86 च्या चालीनं चाललंय, आणि लगेच पुढे 60 च्या. ऐकायला भयंकर वाटतं ना? मी पोराला पुन्हा झोपवलं, मशीन चालू ठेवलं आणि म्हटलं, "घे श्वास सावकाश... आता सोड... सोड..." दादा वाकून बघत होते. श्वास आत जाताना टोकं जवळजवळ यायला लागली, सोडताना लांब लांब गेली. चार श्वास, चार लाटा. दादांनी कागदावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "आयला, हे तर भात्यागत हाय."

भात्यागतच आहे. सायनस ऍरिदमिया म्हणजे हेच : श्वास घेताना हृदय जरा घाई करतं, सोडताना सैल पडतं. आपल्या मेंदूतून हृदयाकडे जाणारी व्हेगस नावाची नस आहे, तिचं काम ब्रेकचं. श्वास आत चालला की ब्रेक ढिला होतो, बाहेर चालला की लागतो. हे काही काल-परवा कळलेलं नाही. 1847 मध्ये कार्ल लुडविग नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं फिरत्या नळकांड्यावर रेघा उमटवणारं यंत्र वापरून कुत्र्याच्या नाडीची ही लय कागदावर उतरवली होती. लहान मुलांत आणि व्यायाम करणाऱ्यांत ती जास्त ठळक दिसते. म्हणजे ज्या शब्दानं बापाची झोप उडाली, ती पोराच्या तब्येतीची पावती होती. मशीनला काय, त्याला बाप कुठे आहे!

उलट मला भीती वाटते ती घड्याळासारख्या एकसारख्या पट्टीची. आमच्याकडे मधुमेहाच्या जुन्या पेशंटची एक साधी तपासणी करतात. मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावायचे, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, आणि ठोक्यांचा वेग सर्वात जास्त किती नि सर्वात कमी किती ते मोजायचं. फरक 15 किंवा वर असला की ठीक. 10 किंवा त्याच्या खाली असला की डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतात. वयानं हा फरक कमी होत जातोच, पण साखरेनं नसा खाल्ल्या की तो जवळजवळ नाहीसाच होतो. माणूस छाती भरून श्वास घेतोय, सोडतोय, आणि पट्टी मात्र शिवणयंत्राच्या टाक्यांसारखी. अशांपैकी काहींना हार्ट अटॅक येऊन जातो तरी छातीत दुखत नाही, कारण दुखणं सांगणाऱ्या नसाच बधिर झालेल्या असतात. "नुसतं गॅसेस झाल्यासारखं वाटतंय" म्हणत चालत आलेले किती तरी मी बघितलेत.

तर मुद्दा हा की श्वास आणि रक्ताभिसरण ही शेजारी-शेजारी राहणारी दोन बिऱ्हाडं नाहीत, चूल एकच आहे. गावातला हापसा आठवा. दांडा दाबला की खालचं पाणी वर ओढलं जातं. आपलं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला तो स्नायूचा पडदा, श्वास घेताना खाली सरकतो. छातीतला दाब कमी होतो, पोटातला वाढतो. पोटातल्या शिरांमधलं रक्त वर छातीकडे, हृदयाच्या उजव्या बाजूकडे ओढलं जातं. त्याच वेळी फुगलेल्या फुप्फुसांमध्ये जास्त रक्त मावतं, म्हणून डाव्या बाजूला एक-दोन ठोके रक्त किंचित कमी पोचतं आणि बीपीचा वरचा आकडा थोडा उतरतो. हे उतरणं 10 च्या आत असलं तर काही नाही. त्यापेक्षा जास्त व्हायला लागलं, तर हृदयाभोवती पाणी साठलंय का, दम्याचा जोराचा झटका आहे का, असं बघतात. आपण हे दिवसाला वीसेक हजार वेळा करतो, आणि एकदाही त्याची आठवण नसते.

आता थोडं भांडायचंय.

आमच्या कॉलनीच्या बागेत सकाळी मंडळी जमतात. चांगलं आहे, मीही कधी कधी जाते. पण तिथे श्वासाची कुस्ती चालते. मिनिटाला किती कपालभाती मारल्या, किती वेळ दम कोंडला, याचे आकडे सांगितले जातात. आणि वर व्हॉट्सॲपची भर : खोल श्वासानं ऑक्सिजन वाढतो, रक्त पातळ होतं, ब्लॉकेज उघडतं. अहो, कोरोनात घरोघरी ते बोटाला लावायचं यंत्र आलंय, ते कपाटातून काढा. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन बसल्या जागी 97-98 असतो. दहा मिनिटं भस्सकन श्वास मारलेत तरी तो 100 च्या पुढे कुठे जाणार? भांडं भरलेलंच आहे.

जोरजोरात श्वास मारल्यानं बदलतं ते दुसरंच. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. आपल्याला वाटतं, बरंच झालं, घाण गेली. पण मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या वायूवर लक्ष ठेवून असतात. तो घटला की त्या आकसतात, मेंदूकडचं रक्त कमी होतं. आमची आजी चूल फुंकायची. ओली लाकडं असली की फुंकणीनं फूं फूं करून करून मधेच भिंतीला टेकायची, "गरगरलं गं बाई." धुरानं असेल असं आम्हाला वाटायचं. धूर होताच, पण ती फुंकणीसुद्धा होती. परीक्षेच्या दिवसांत आमच्याकडे कॉलेजच्या मुली येतात, ओठांभोवती मुंग्या, बोटं वाकडी झालेली, छातीत धडधड. घाबरून भराभर श्वास घेतलेला असतो, बाकी काही नाही. ईसीजीत सुद्धा कधी कधी थोडा बदल दिसतो, शांत झाल्यावर जातो. (पूर्वी कागदी पिशवीत तोंड घालायला सांगायचे. आता सांगत नाहीत. खरोखर हृदयाचंच काही असलं तर ऑक्सिजन कमी पडून जिवावर बेतायचं.)

बागेतले एक काका, नाव नको. बीपीची गोळी बंद केली, "आता कपालभाती आहे ना." तीन महिन्यांनी डोकं ठणकत आले तेव्हा आकडा 190 वर 110. मी पट्टा सोडत होते आणि ते विचारत होते, मशीन बरोबर आहे ना?

दम कोंडून जोर लावणं ही तर वेगळीच गोष्ट. इटलीतल्या बोलोन्याचे वाल्साल्वा नावाचे वैद्य होते, 1704 मध्ये त्यांनी कानातला पू बाहेर काढायला नाक-तोंड दाबून जोर करायची युक्ती लिहून ठेवली. तेव्हापासून डॉक्टर लोक याला त्यांच्या नावानं ओळखतात. मराठीत त्याला कुंथणं म्हणतात, आणि त्यासाठी कुठल्या वैद्याची गरज पडत नाही. कुंथताना छातीतला दाब इतका वाढतो की परत येणारं रक्त दारातच अडतं. जोर सोडला की ते लोंढ्यानं आत शिरतं आणि बीपी उसळतं. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टर पोट साफ ठेवायचं औषध देतात, त्याला नातेवाईक हसतात, "हृदयाच्या डॉक्टरला पोटाची काय पंचाईत?" पंचाईत ही आहे. जिममध्ये दम कोंडून वजनं उचलणाऱ्या पोरांनीही ऐकावं : 1985 च्या एका अभ्यासात पायांनी जड वजन ढकलणाऱ्या पाच बॉडीबिल्डरांच्या धमनीत सुई घालून दाब मोजला होता, तेव्हा सरासरी 320 वर 250 भरला. तरण्या, निरोगी माणसांचा.

पण हेच कुंथणं औषध होतानाही मी बघितलंय. दोन वर्षांपूर्वी एक बाई रिक्षातून आल्या, नाडी 180, घामाघूम. पट्टीवर टोकं इतकी दाट की बोट ठेवायला जागा नाही. हृदयात विजेचा फेरा अडकला होता, गोल गोल. आमच्या डॉक्टरांनी त्यांच्या हातात 10 मिलिलिटरची रिकामी सिरिंज दिली, सुई नसलेली, म्हणाले, "यात फुंका, दट्ट्या हलेपर्यंत." पंधरा सेकंद त्यांनी लालबुंद होऊन फुंकलं. लगेच आम्ही त्यांना आडवं करून पाय वर धरले. मी डाव्या हातानं पाय आणि उजव्या डोळ्यानं पट्टी. दाट टोकं, दाट टोकं... मग कोरी रेघ. ती कोरी रेघ दीड-दोन सेकंदांचीच असेल, पण बावीस वर्षांनंतरही माझ्या पोटात गोळा येतो. आणि मग एक ठोका. मग दुसरा. 88. बाईंनी पहिलं वाक्य काय म्हणावं? "रिक्षावाला थांबलाय का हो?"

ही काही जादू नाही. दाब उसळला की मानेतल्या धमनीत बसलेले पहारेकरी व्हेगसला हाक मारतात, ती करकचून ब्रेक लावते आणि फेरा तुटतो. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात अशा पाय वर करण्याच्या पद्धतीनं 43 टक्के रुग्णांचे ठोके जाग्यावर आले होते, नुसत्या फुंकण्यानं 17 टक्के. घरी मात्र करून बघू नका, आधी पट्टी काढून ते नक्की काय आहे हे बघावं लागतं.

आणि हृदय बंद करून दाखवणाऱ्या योग्यांच्या गोष्टी? 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतून आलेले संशोधक यंत्रं घेऊन भारतभर हिंडले, दिल्लीचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ आनंद त्यांच्याबरोबर होते. हृदयावर ताबा असल्याचं सांगणारे चार योगी त्यांनी तपासले, 1961 मध्ये निष्कर्ष छापले. तिघांची पद्धत एकच, दम कोंडून छाती-पोट आवळायचं. नाडी हाताला लागेना, छातीतला आवाजही क्षीण झाला किंवा गेला. पण ईसीजी? ईसीजी चालूच होता. हृदय थांबलं नव्हतं, त्याला परत येणारं रक्त तेवढं रोखलं होतं. चौथ्यानं मात्र वेगळ्या रीतीनं ठोके खरोखर बरेच संथ केले. मला हा अभ्यास फार आवडतो. कुणाची टिंगल नाही, कुणाची आरती नाही, फक्त पट्टी. आपल्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं तेही याच वृत्तीनं, आसनं आणि प्राणायाम यंत्रापुढे बसवून तपासायचे म्हणून. बागेतल्या मंडळींनी त्यांच्या फोटोला हार घालण्याऐवजी तेवढं घ्यावं.

मग श्वासाचं काहीच खरं नाही का? आहे की. फक्त ते जोरात नाही, संथपणात आहे. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला की श्वासाची लाट आणि बीपीची स्वतःची लाट एका तालावर येतात, आणि मानेतले ते पहारेकरी जास्त तल्लख होतात. 2001 मध्ये इटलीतल्या बर्नार्डी या संशोधकांनी 23 जणांना लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र 'ओम मणी पद्मे हूम' म्हणायला लावलं. दोन्हींत श्वास आपोआप मिनिटाला सहावर आला. हे वाचल्यावर मी सासूबाईंच्या नकळत घड्याळ लावलं. संध्याकाळी दिवा लावून त्या भुजंगप्रयातातले श्लोक म्हणतात, बारा अक्षरांचा एक चरण, दोन चरणांना एक श्वास. मिनिटाला साडेसहा! त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मग? तुझ्या मशीनला आत्ता कळलं होय?" बीपीची गोळी त्या श्लोक संपल्यावर पाण्याबरोबर घेतात, ते महत्त्वाचं. रोजच्या संथ श्वासानं वरचा आकडा काही अंकांनी उतरतो. गोळीच्या जोडीला ते उत्तम. गोळीच्या जागी नाही.

रात्रीचंही एक सांगून टाकते. घोरता घोरता ज्यांचा श्वास मधेच अडतो आणि मग दचकून घुर्रकन सुटतो, त्यांच्या घरच्यांनी हसण्यावारी नेऊ नये. गळा बंद आणि छाती ओढतेय, ऑक्सिजन घसरतोय, बीपी उसळतंय, रात्रभर. कितीही गोळ्या बदलल्या तरी बीपी हटत नाही, त्यातल्या काहींचं मूळ उशीवर असतं.

तर ते कबड्डीवाले दादा. सर्टिफिकेटवर डॉक्टरांची सही झाली, पोराचे चिमटे काढायला गेले तर दादा म्हणाले, "ताई, आमी हुतूतू खेळायचो तवा दम घुमवायचो. ह्येला एकदा दम घुमवताना काढा की." बाहेर सात पेशंट थांबलेले. पण मलाही राहवेना. पोरगा आडवा पडूनच सुरू झाला, कबड्डी कबड्डी कबड्डी, आधी लाजत, मग खणखणीत. बाहेरचे दारातून डोकावायला लागले. पट्टी म्हणजे नुसती गवताची काडीकुडी, पोटाचे सगळे स्नायू त्यात नाचत होते, एक ठोका ओळखू येईना. मी घड्याळ बघत होते. 28 सेकंदांनी त्याचा दम तुटला.

"तीसची रेड असती," दादा म्हणाले, "दोन कमी पडलं." पट्टी फाडून मी पोराच्या हातात दिली. त्यानं ती घडी घालून वहीत ठेवली.