मोबाईलमधला मृतसाठा : जतन आणि संवर्धन

तुम्ही मोबाईलमधली नको असलेली ॲपं काढायच्या नादाला लागला आहात, असं कानावर आलं. असलं काही करू नका. पेरणी आटोपलीय, पाऊस ओढ देऊन बसलाय, हात रिकामे आहेत, हे सगळं खरं. पण म्हणून कुणी कंपनीशी वैर घेतं का?

आधी साठ्याचं गणित समजून घ्या. आपल्याकडं ते कुणाला शिकवावं लागत नाही. पैठणच्या जायकवाडीत एकूण १०२ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं सव्वीसेक टीएमसी मृतसाठा. ते पाणी असतं, दिसतं, त्यावर पाखरंसुद्धा उतरतात, फक्त कालव्याला चढत नाही. तुमच्या फोनच्या खोक्यावर ६४ जीबी छापलेलं असतं आणि घरी आणून चालू केला की त्यातले पंधरा-वीस जीबी आधीच गेलेले. तो तुमचा मृतसाठा. उरला तो उपयुक्त साठा. त्यात पोळ्याचे फोटो, सोसायटीच्या कर्जाची पावती आणि गावच्या ग्रुपवर रोज पहाटे उगवणारी सूर्यफुलं. धरण शंभर टक्के भरलं की पुढारी येऊन जलपूजन करतात, पाण्यात साडी-चोळी सोडतात. फोन भरला की नुसती एक लाल पट्टी येते. तुम्ही आपलं पूजन घरच्या घरी उरकून घ्या.

मृतसाठ्यात खुद्द अँड्रॉइड असतं, ते लागतंच, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्याच्या आडोशानं कोण कोण येतं ते पाहा. एक ब्राउझर गुगलचा, एक कंपनीचा. दोन गॅलऱ्या, त्यातल्या एकीत फोटो आणि दुसरीतही तेच फोटो. ॲपांची दोन दुकानं. गोळ्या फोडायचा खेळ. बसल्या जागी कर्ज देणारं ॲप. आणि शेअर बाजाराचं एक, कारण ज्याला मोंढ्यात सोयाबीनचा हमीभाव मिळेना त्यानं निदान शेअरचा भाव तरी बघावा.

यातलं काही तुमच्या संमतीनंच आलंय, हे विसरू नका. दुकानातलं पोरगं नवा फोन चालू करून देताना 'पुढे, पुढे, पुढे' असं दाबत जातं ना, त्यात एक पान 'तुमच्यासाठी निवडलेली ॲपं' असं येतं. सगळ्या नावांपुढं टिक आधीच मारलेली असते. ती काढायला थांबावं लागतं. आणि तुम्हाला तर शेवटची एसटी गाठायची होती.

तरीही हट्टच असेल तर पहिली पायरी म्हणजे चिन्हावर बोट दाबून धरणे. ॲप तुम्ही स्वतः टाकलेलं असेल तर 'अनइंस्टॉल' असं येईल. कंपनीनं टाकलेलं असेल तर बहुतेक वेळा नुसतं 'होम स्क्रीनवरून काढा'. ते दाबा आणि समाधान माना. ॲप आतल्या यादीत जागच्या जागी बसलेलं असतं, अपडेट खातं, नोटिफिकेशन पाठवतं, फक्त तुमच्या नजरेसमोरून गेलं. आमच्या गल्लीतल्या एका बापूंनी असं करून अख्खा फोन मोकळा केला. पडद्यावर आता नुसता विठ्ठलाचा फोटो आणि खाली फोन लावायचं बटण आहे. जागा किती सुटली म्हणाल, तर अजिबात नाही. पण बापूंना झोप चांगली लागते.

ज्यांना एवढ्यानं झोप लागत नाही ते सेटिंग्जमध्ये शिरतात. तिथं ॲपांची खरी यादी असते, आणि ती उघडू नये असाच माझा सल्ला आहे. बापूंच्या पोरानं ती उघडली, मोजत गेला आणि मध्येच सोडून चहाला गेला. यादीतल्या प्रत्येक ॲपच्या पानावर दोन-तीन बटणं असतात. एक सक्तीनं थांबवायचं. ते दाबलंत तर ॲप नीट वागणार नाही, अशी ताकीद फोन आधीच देतो. जसं आतापर्यंत ते मान खाली घालून वागत होतं. दाबल्यावर ते थांबतं, आणि तुम्ही पाठ फिरवली की बरीचशी ॲपं पुन्हा चालू होतात. दुसरं बटण 'बंद करा'. हे मात्र जपून हाताळा, कारण ते खरंच काम करतं. बंद केलेलं ॲप चालत नाही, नोटिफिकेशन पाठवत नाही, अपडेटही घेत नाही. वर 'अपडेट अनइंस्टॉल करा' असंही कुठंतरी लपलेलं असतं, त्यानं तर थोडीफार जागासुद्धा सुटते. असल्या बटणांपासून लांब राहिलेलं बरं. तसंही काही ॲपांवर कंपनीनं ते बटण फिकट करून ठेवलंय, म्हणजे दिसतं पण दबत नाही. आपल्या भल्याचा विचार केल्याशिवाय कुणी इतकं करतं का?

जागेची खरी किंमत शेतात कळते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी आली, तेव्हापासून सातबाऱ्यावर पीक चढवायचं तर आपणच आपल्या गटात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा. ऑगस्टचं ऊन, कमरेएवढी कपाशी, रेंजची एक काडी, आणि मुदत संपत आलेली. फोन हातात पोराच्या, घाम आप्पांना.

"आप्पा, फोटो निघंना. जागा नाही म्हणतंय."

"मग काढ की ते गोळ्याचं गेम."

"ते निघत नसतंय."

"कामून?"

"कंपनीचं हाय ते."

"मग काय निघतंय?"

पोरगं जरा वेळ खाली बघत राहिलं. "ताईच्या लग्नाचे व्हिडिओ निघतेत."

इथं माझा सल्ला अगदी सरळ आहे. व्हिडिओ काढा. लग्न होऊन गेलंय, गेम अजून चालू आहे. आणि व्हिडिओला काढायचं बटण दिलंय, ते काही उगं दिलेलं नाही.

आता तुमच्यातले काही जण शिकलेले असतात, त्यांना आणखी आत जायची खाज असते. त्यांच्यासाठी एक रस्ता आहे. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन', तिथं 'बिल्ड नंबर', आणि त्यावर लागोपाठ ७ वेळा बोट मारायचं. फोन आनंदानं जाहीर करतो की तुम्ही आता डेव्हलपर झालात. पोराला लातूरच्या ट्यूशन एरियात खोली करून ठेवणाऱ्यांनी, मेसची आणि क्लासची फी भरणाऱ्यांनी हे ऐकून मनाला लावून घेऊ नये. पुढं यूएसबी डीबगिंग चालू करा, केबलनं कॉम्प्युटरला जोडा, एडीबी नावाचं, कॉम्प्युटरवरून फोनला हुकूम सोडणारं हत्यार उतरवा आणि एकेका ॲपचं पाळण्यातलं नाव टाकून, म्हणजे 'कॉम' बिंदू अमुक बिंदू तमुक, त्याला घालवा. ॲप जातं. म्हणजे तुमच्यापुरतं जातं. त्याची मूळ प्रत सिस्टिमच्या कप्प्यात तशीच राहते आणि फोन फॅक्टरी रीसेट केला की पुन्हा हजर. यात एखादं भलतंच नाव टाकलंत तर फोन चालूच होत नाही. तो मार्ग जागा मोकळी करण्याचा सगळ्यात पक्का म्हणावा लागेल.

त्यापेक्षा ॲप काढायचं ॲप घ्या. हा आपल्या देशाचा आवडता तोडगा आहे. मे २०२० मध्ये जयपूरच्या एका कंपनीनं चिनी ॲपं शोधून काढून टाकणारं ॲप आणलं. बघता बघता ५० लाखांच्या घरात लोकांनी ते उतरवलं. फोनमध्ये चिनी काही सापडलं नाही की ते तुमची पाठ थोपटायचं. फोन स्वतःच चिनी असला तरी थोपटायचं, कारण कारखान्यातून भरून आलेल्या ॲपांपुढं त्याचं काही चालत नव्हतं. जूनच्या सुरुवातीला गुगलनं तेच ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकलं. पुढं २९ जूनला सरकारनं ५९ चिनी ॲपांवर बंदी घातली. त्या यादीत टिकटॉक होतं हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. क्लीन मास्टरही होतं, हे मात्र फोन साफ करायला ते घेतलेली मंडळी सोयीनं विसरली. सफाईची ॲपं अजूनही मिळतात. घ्या एक. ते रोज सकाळी सांगेल की फोनमध्ये इतका इतका कचरा साठलाय, मग मध्ये दोन जाहिराती दाखवेल आणि कचरा काढल्याचं सांगेल. कचरा कुठला होता ते विचारायचं नसतं.

दिल्लीतही या विषयावर बराच खल झालाय. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड ठोठावला आणि सोबत बजावलं, की आधीपासून भरलेली तुमची ॲपं ग्राहकाला काढायची असतील तर आडवं येऊ नका. गुगल अपिलात गेलं. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणानं २९ मार्च २०२३ ला दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार आदेश रद्द केले. ॲप काढू देण्याचा आदेश त्या चारांत होता. एवढ्या कोटींच्या दंडानं जे ॲप जागचं हललं नाही, ते तुम्ही अंगठ्यानं हलवायला निघालात.

मग सरकारनं तरी मागं का राहावं? २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं मोबाईल कंपन्यांना आदेश काढला, की नव्या फोनमध्ये संचार साथी हे सरकारी ॲप भरूनच द्यायचं आणि त्याची कामं कुणाला बंद करता येऊ नयेत. ॲप तसं कामाचं आहे. चोरीला गेलेला फोन त्यावरून बंद पाडता येतो, आपल्या नावावर किती सिम फिरताहेत ते कळतं. पण कामाचं असलं म्हणून काय झालं, सक्तीवरून गदारोळ उठला. मंत्री म्हणाले, नको असेल त्यानं काढून टाकावं. ३ डिसेंबरला सक्ती मागंच घेतली. केबल नाही, एडीबी नाही, पाच दिवसांत एक ॲप निघालं, तेही फोनमध्ये यायच्या आधी. इतकी खात्रीची रीत दुसरी नाही. तेव्हा तुमच्या फोनमधलं काही काढायचं असेल तर आधी संसदेचं अधिवेशन चालू आहे का ते बघा.

उरली ती बिनबोलावता आलेली मंडळी. लग्नसराईत व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. पत्रिकेच्या नावापुढं 'एपीके' असं लागलेलं असतं, म्हणजे ती पत्रिका नसून ॲपच असतं. उघडली की नवरा-नवरी दिसत नाहीत, चिन्हही दिसत नाही आणि बँकेचे मेसेज परस्पर वाचले जातात. असं ॲप काढायला फोन सेफ मोडमध्ये, म्हणजे बाहेरून टाकलेली ॲपं बंद ठेवून, चालू करायचा, डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून त्याचे हक्क काढून घ्यायचे, मग अनइंस्टॉल करायचं आणि पैसे गेले असतील तर लागलीच १९३० ला फोन करायचा, असं जाणकार सांगतात. तुम्ही कशाला एवढी दगदग करता? पत्रिका आलीय, आहेर आपोआप गेला. कर्जाच्या ॲपचंही तसंच. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ च्या नियमांत अशा ॲपांना फोनमधले नंबर आणि फोटो चाळायला मनाई केली. पण ज्या ॲपला रिझर्व्ह बँक कुठं आहे हेच माहीत नाही, ते तुमच्या मेव्हण्याचा नंबर आधीच उतरवून घेतं. नंतर तुम्ही ॲप काढलंत तरी वसुलीवाला मेव्हण्याला फोन करतोच. त्या निमित्तानं तरी सासरवाडीशी बोलणं होतं.

इतकं वाचूनही तुम्ही बसून बसून पाच-सहा ॲपं बंद केलीच असतील, तर एक लक्षात असू द्या. दोन-चार महिन्यांनी फोन सिस्टिमचा अपडेट आलाय म्हणेल, आणि त्या अपडेटसोबत कधीकधी नवी दोन ॲपं येतात. 'आत्ता' आणि 'रात्री' असे दोन पर्याय देईल, 'नको' तिथं नसतंच. रात्री म्हणा. या आठवड्यात थ्री फेजची लाइट रात्रीचीच आहे, मोटार चालू करायला उठायचंच आहे, तेव्हा बांधावर बसून बघता येईल नवीन काय आलंय ते.