गुण वाढले, पण कशामुळे?

शैक्षणिक संशोधन करू पाहणाऱ्या नव्या शिक्षकाला एक सल्ला हमखास मिळतो आणि तो पुढे पाठवलाही जातो: ‘फार डोकेफोड करू नका. एक वर्ग घ्या, पूर्वचाचणी घ्या, नवी पद्धत वापरा, उत्तरचाचणी घ्या. मध्यमान वाढलं आणि टी-मूल्य ०.०५ स्तरावर सार्थक आलं, की पद्धत परिणामकारक असल्याचं सिद्ध झालं.’ (मध्यमान म्हणजे सरासरी; टी-मूल्य म्हणजे दोन सरासरींतला फरक योगायोगाच्या चढउतारापेक्षा किती पट आहे ते; आणि ‘०.०५ स्तरावर सार्थक’ म्हणजे मुळात फरक नसता तर इतका फरक शंभरात पाचाहून कमी वेळा दिसला असता.) या मुख्य दाव्याच्या मागोमाग आणखी काही विधानं येतात. नमुना मोठा असला की निष्कर्ष पक्का. शंका कुणी काढलीच तर शेजारची तुकडी तुलनेला घ्यावी. आणि यादृच्छिक प्रयोग, म्हणजे चिठ्ठ्या टाकून गट पाडणारे प्रयोग, मुलांवर करणं अन्यायाचं, म्हणून त्या वाटेला जाऊच नये.

हा सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सल्ला चुकीचा आहे. ‘सिद्ध झालेली’ पद्धत उद्या दुसऱ्या शाळेत जाते, तिच्यासाठी तासिका काढल्या जातात, मागे पडलेल्या मुलांचं आख्खं वर्ष तिच्या भरवशावर जातं. म्हणून एकेक विधान तपासू.

‘उत्तरचाचणीत गुण वाढले, म्हणजे पद्धतीचा परिणाम झाला.’

दोन चाचण्यांच्या मध्ये सहा आठवडे गेले, तर त्या सहा आठवड्यांत मुलं नुसती बसून नव्हती. ती वयाने वाढली, इतर विषय शिकली, घरी कुणी तरी अभ्यास घेतला, परीक्षा जवळ आली म्हणून स्वतःहून पुस्तक उघडलं. शिवाय पूर्वचाचणी हा स्वतःच एक सराव असतो. प्रश्नांचं वळण एकदा कळलं की दुसऱ्या वेळी तीच चाचणी सोपी जाते. डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅनली यांनी १९६३ साली अध्यापनविषयक संशोधनाच्या एका मोठ्या संदर्भग्रंथात प्रायोगिक अभिकल्पांवर, म्हणजे प्रयोगाच्या आराखड्यांवर, एक प्रकरण लिहिलं. त्यात त्यांनी हा एकल गट पूर्वचाचणी-उत्तरचाचणी अभिकल्प घेतला तो ‘वाईट उदाहरण’ म्हणूनच. याहून बरं काही करणं शक्यच नसेल तिथे तो चालवून घ्यावा, एवढीच सवलत त्यांनी दिली. साठ वर्षांपूर्वी जे करू नये म्हणून दाखवलं, तेच आज आदर्श म्हणून शिकवलं जातं.

पण या सगळ्यांपेक्षा फसवं कारण वेगळंच आहे आणि ते नेमकं उपचारात्मक अध्यापनाच्या संशोधनात लपतं. पूर्वचाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली मुलं निवडायची, त्यांना विशेष मार्गदर्शन द्यायचं आणि पुन्हा चाचणी घ्यायची, ही रीत तुमच्या ओळखीची असेल. आता आकडे मांडून पाहू. समजा, वर्गाचं मध्यमान ५० आहे आणि तळाच्या निवडलेल्या मुलांचं मध्यमान ३०. समजा, दोन चाचण्यांमधला सहसंबंध, म्हणजे दोन्हींतले गुण किती जुळतात याचं माप (पूर्ण जुळले तर १), ०.६ आहे आणि संपूर्ण वर्गाचं मध्यमान व प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) दोन्ही वेळा सारखंच राहिलं. मग काहीही न शिकवता या मुलांचं अपेक्षित मध्यमान किती येईल? निवडलेला गट वर्गापेक्षा २० गुणांनी मागे होता. त्याच्या ०.६ पट म्हणजे १२. तर ५० वजा १२, म्हणजे ३८. कुणी त्यांच्याकडे फिरकलंही नाही, तरी आठ गुण वाढले!

यात कसलीही हातचलाखी नाही. प्रत्येक गुणात मुलाची तयारी असते आणि त्या दिवसाचा योगही असतो. तळाला गेलेल्यांत काही मुलं खरोखर कच्ची असतात, तर काही त्या दिवशी आजारी होती, काहींची नेमकी न वाचलेल्या भागावर गाठ पडली. पुढच्या वेळी तोच योग पुन्हा जुळून येत नाही, म्हणून गटाचं मध्यमान वर सरकतं. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीत हे सरासरीकडे परतणं दाखवलं होतं. उतरणीला लागलेल्या तापावर दिलेलं औषध नेहमीच गुणकारी वाटतं, तसंच इथे होतं. अहवालात मात्र ते आठ गुण नव्या पद्धतीच्या नावावर जमा होतात. हुशार मुलांवर हाच खेळ उलटा होतो. पूर्वचाचणीत पहिली आलेली मुलं उत्तरचाचणीत थोडी खाली येतात, आणि मग ‘ही पद्धत फक्त मागे पडलेल्यांना उपयोगी आहे’ असा आणखी एक निष्कर्ष फुकट हाती लागतो.

एरवी काय झालं असतं, हा प्रश्न यात कुठेच विचारलेला नाही. तो विचारल्याशिवाय ‘परिणाम’ हा शब्द वापरायचा अधिकार आपल्याला नाही.

‘मग शेजारची तुकडी तुलनेला घ्या आणि बाकीचे चल, म्हणजे गुणांवर परिणाम करणाऱ्या इतर गोष्टी, नियंत्रित करा.’

हे आधीपेक्षा बरं आहे, यात शंका नाही. दोन्ही तुकड्यांचं वय वाढलं, दोघींनी पूर्वचाचणी दिली, त्यामुळे ती कारणं वजा होतात. पण ज्या तुकडीत नवी पद्धत आली, ती कोणी निवडली? बहुतेक वेळा ज्या शिक्षकाला हौस आहे, जो मेहनती आहे, त्याचीच तुकडी प्रायोगिक गट बनते. मग फरक पद्धतीचा की शिक्षकाचा?

‘ते आम्ही संख्याशास्त्राने वजा करतो’ असं उत्तर येतं. त्यावर मी केनियातल्या एका अभ्यासाची गोष्ट सांगतो, कारण हा मुद्दा इतक्या स्वच्छपणे दाखवणारी उदाहरणं थोडी आहेत. तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत तक्ते, म्हणजे पानं उलटत जायचे मोठे सचित्र तक्ते, उपयोगी पडतात का, हे पॉल ग्लेवी, मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. ज्या शाळांकडे आधीपासून असे तक्ते होते त्यांची बाकीच्या शाळांशी तुलना केली, तेव्हा तक्त्यांमुळे गुण प्रमाण विचलनाच्या २० टक्क्यांपर्यंत वाढतात असं दिसलं. शाळेतली इतर साधनं हिशेबात धरून पाहिलं, तरी तो आकडा कमी झाला नाही. म्हणजे ‘बाकीचे चल नियंत्रित करा’ हा सल्ला तंतोतंत पाळला गेला होता. मग १७८ शाळा घेऊन त्यांपैकी निम्म्या शाळांना यादृच्छिक निवडीने तक्ते दिले. या वेळी तक्त्यांमुळे गुण वाढल्याचा काहीही पुरावा मिळाला नाही. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला.

आधी दिसलेला फरक तक्त्यांचा नव्हता. ज्या शाळा तक्ते मिळवतात, त्या शाळांत आणखीही काही तरी वेगळं असतं, आणि ते आपल्या नोंदवहीच्या रकान्यांत येत नाही. जे मोजलंच नाही ते संख्याशास्त्र वजा करू शकत नाही. चिठ्ठी टाकून गट पाडले, की मोजलेलं आणि न मोजलेलं, दोन्ही सरासरीने सारखं वाटलं जातं. यादृच्छिक विभागणीची खरी ताकद ही आहे. आणि यादृच्छिक म्हणजे ‘हाताला आले ते’ नव्हे, हेही इथेच सांगायला हवं. ज्या अहवालात ‘यादृच्छिक पद्धतीने तुकडी निवडली’ असं लिहिलेलं असतं, तिथे चिठ्ठी कोणी, कधी, कशातून काढली हे विचारून पाहा. उत्तर मिळत नसेल, तर ती सोयीची निवड होती, आणि तसं स्पष्ट लिहिण्यात कमीपणा नाही.

‘नमुना मोठा आहे, म्हणून निष्कर्ष पक्का.’

दोन तुकड्या, प्रत्येकी साठ मुलं, नमुना १२०. दिसायला मोठा. पण पद्धत मुलाला नव्हे, तुकडीला दिली होती. एका तुकडीतली मुलं एकच शिक्षक, एकच खोली, एकच वेळापत्रक वाटून घेतात; त्यांचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. म्हणून या प्रश्नापुरते खरे नमुने दोनच. मुलं कितीही वाढवली तरी तुकड्या दोनच राहणार आणि शिक्षकाचा प्रभाव पद्धतीच्या प्रभावापासून वेगळा काढता येणार नाही. याहून जास्त या विधानाबद्दल लिहायला नको.

‘०.०५ स्तरावर सार्थक आलं, म्हणजे ९५ टक्के खात्री.’

हा गैरसमज इतका खोल रुजला आहे, की अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली पी-मूल्याबद्दल, म्हणजे ज्या आकड्याची ०.०५ शी तुलना करून ‘सार्थक’ ठरवतात त्याबद्दल, जाहीर निवेदन काढावं लागलं. त्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक मार्गदर्शकाने टेबलावर लावून ठेवाव्यात अशा आहेत: पी-मूल्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता सांगत नाही, आणि परिणाम किती मोठा आहे हेही सांगत नाही. ते एवढंच सांगतं, की मुळात काहीच फरक नसता, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता.

पुन्हा आकड्यांनीच बोलू. चाचणीचं प्रमाण विचलन १० गुण धरा. प्रत्येकी ८०० मुलांचे दोन गट घेतले आणि फरक आला अवघा एक गुण. प्रमाण त्रुटी (निव्वळ योगायोगाने फरक साधारण किती हलतो ते) ०.५, टी-मूल्य २. सार्थक! आता प्रत्येकी २० मुलांचे गट घ्या आणि फरक येऊ द्या पाच गुणांचा. प्रमाण त्रुटी ३.१६, टी-मूल्य १.५८. सार्थक नाही. प्रचलित रीतीने पहिल्या अहवालात ‘पद्धत परिणामकारक’ आणि दुसऱ्यात ‘पद्धत परिणामकारक नाही’ असं लिहिलं जाईल, खरं तर दुसऱ्यातला फरक पाचपट आहे. पहिल्याबद्दल म्हणायला हवं, ‘फरक आहे, पण नगण्य.’ दुसऱ्याबद्दल, ‘फरक मोठा असू शकतो, पण इतक्या थोड्या मुलांवरून सांगता येत नाही.’ शून्य परिकल्पना, म्हणजे ‘काहीच फरक नाही’ हे गृहीतक, नाकारता आली नाही म्हणजे ती खरी ठरली, असं नसतं.

चाचणी कोणी तयार केली हाही प्रश्न इथेच येतो. अ‍ॅलन च्यूंग आणि रॉबर्ट स्लेव्हिन यांनी २०१६ साली ६४५ अभ्यास एकत्र तपासले. संशोधकांनी स्वतः बनवलेल्या चाचण्यांवर दिसणारा परिणाम स्वतंत्र चाचण्यांवर दिसणाऱ्या परिणामाच्या साधारण दुप्पट निघाला, आणि छोट्या अभ्यासांतला मोठ्या अभ्यासांच्या तुलनेत तेवढाच फुगलेला. यामागे लबाडी असायलाच हवी असं नाही. जे शिकवलं त्याच्याच बेताची चाचणी आपल्या हातून तयार होते. पण दुसऱ्या गटाला ते शिकवलेलंच नसेल, तर ती तुलना सुरू होण्याआधीच झुकलेली असते.

‘यादृच्छिक प्रयोग म्हणजे अर्ध्या मुलांवर अन्याय.’

या आक्षेपाचा मला आदर वाटतो, कारण तो मुलांच्या काळजीतून येतो. पण त्यात एक गृहीतक आहे: नवी पद्धत चांगली आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. तसं असतं तर संशोधनाची गरजच नव्हती. केनियातल्या ज्या शाळांना तक्ते मिळाले नाहीत, त्यांचं गुणांच्या बाबतीत काही नुकसान झाल्याचं दिसलं नाही.

शिवाय कुणालाही पूर्णपणे वंचित न ठेवता चिठ्ठी टाकता येते. मुंबई आणि वडोदऱ्यात ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा अभ्यास असाच झाला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतलीच एक तरुणी वर्गाबाहेर नेऊन पायाभूत वाचन-गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी रचना अशी केली, की काही शाळांत बालसखी तिसरीला मिळाली आणि काहींत चौथीला. एकाही शाळेला रिकाम्या हाताने पाठवलं नाही, तरी दोन्ही इयत्तांसाठी तुलनेचा गट तयार झाला. दुसऱ्या वर्षी सरासरी परिणाम ०.२८ प्रमाण विचलन इतका आला, आणि लाभ मुख्यतः तळाच्या मुलांना झाला. वर सांगितलेलं सरासरीकडे परतणं इथे उत्तर बिघडवू शकत नाही, कारण तुलनेच्या इयत्तेतली कच्ची मुलंही तशीच परतली असणार. उरलेला फरक बालसखीचा.

साधनं सगळ्यांना पुरणारच नसतील, तर कोणाला आधी द्यायची हे ओळखीपाळखीने ठरवण्यापेक्षा चिठ्ठीने ठरवणं जास्त न्याय्य आहे. वर्गाच्या आकारावरचा टेनेसी राज्यातला प्रयोग १९८५ मध्ये सुरू होऊन चार वर्षं चालला. त्यात मुलं आणि शिक्षक दोघांनाही १३ ते १७ मुलांच्या किंवा २२ ते २५ मुलांच्या वर्गांत चिठ्ठीनेच वाटलं होतं. ‘हे शाळेत जमत नाही’ म्हणणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

प्रत्येक प्रश्नाला प्रयोगच लागतो असं मात्र मी म्हणत नाही. मुलं अपूर्णांकात नेमकी कुठे अडखळतात, गळतीआधीच्या महिन्यांत घरात काय घडत असतं, शिक्षक नवी पद्धत दोन आठवड्यांत का सोडून देतात, हे निरीक्षणातून आणि मुलाखतींतूनच कळतं. तिथे टी-मूल्य काढत बसणं म्हणजे प्रश्नच न समजणं. कृतिसंशोधनही आपल्या वर्गाची अडचण सोडवण्यासाठी असतं. ‘माझ्या वर्गात हे केलं, हे दिसलं’ एवढंच त्याने म्हणावं. त्याच्या शेवटच्या प्रकरणात ‘सर्व शाळांनी ही पद्धत अवलंबावी’ अशी शिफारस येते, तिथे गडबड होते.

एकाच तुकडीवर शिकवणाऱ्या शिक्षकालाही बरंच करता येतं. साधारण सारख्या कठीणपणाचे आठ घटक निवडा, कोणते चार नव्या पद्धतीने शिकवायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवा, आणि सगळ्या घटकांवरची चाचणी दुसऱ्या शिक्षकाकडून, त्याला चिठ्ठ्यांचा निकाल न सांगता, काढून घ्या. कोणत्या दोन मध्यमानांची तुलना करणार हे शिकवायला सुरुवात करण्याआधी तारखेसह लिहून मार्गदर्शकाकडे द्या. किती मुलं मध्येच गळाली आणि ती कोणती, तेही नोंदवा, कारण कच्ची मुलं उत्तरचाचणीला गैरहजर राहिली तर मध्यमान काहीही न करता वाढतं. फरक निघाला नाही, तरी अहवाल जसाच्या तसा सादर करा.