पोराला कुठे ठेवू, तेवढं सांगा

शनिवारी संध्याकाळी साडेपाच वाजता बडोद्यातल्या एका हॉलच्या दारातून मला परत पाठवलं. कार्यक्रम आयांसाठी होता. बाहेर मोठा बोर्ड, ‘आई, थोडा वेळ स्वतःसाठी’. श्वसनाचे व्यायाम, आहाराचा सल्ला, कंबरदुखीवर फिजिओथेरपिस्ट बाईंचं मार्गदर्शन. चारशे रुपये भरून मी आठ दिवस आधी नाव नोंदवलं होतं. धाकटा कडेवर होता, दोन वर्षांचा. दारावरची मुलगी म्हणाली, "बेन, बाळकोने अंदर नथी लेता, डिस्टर्ब थाय छे." मी म्हटलं, मागे बसते, रडला तर लगेच बाहेर येते. नाहीच. "घरे कोईनी पासे मूकीने आवो ने."

घरी कोणाजवळ तरी ठेवून या. कोणाजवळ? नवरा सेकंड शिफ्टला. सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्या पाच वर्षांच्या थोरलीकडे बघतात तेच खूप. दोन वर्षांचं धावतं पोर त्यांच्या अंगावर टाकणं मला जमत नाही आणि जमू नये. माझी आई अमळनेरला. समोरच्या बेन चांगल्या आहेत, पण त्यांच्याकडे मी महिन्यातून दोनदा ठेवून झालंय, तिसऱ्यांदा विचारायला तोंड होत नाही. आयांसाठी कार्यक्रम ठेवता आणि आईला मूल असतं हे विसरता? हॉलच्या कोपऱ्यात एक सतरंजी, चार खेळणी आणि बघायला एक बाई, एवढं करायला किती पैसे लागले असते? शंभर जणींकडून चारशे घेतलेत तुम्ही!

परत येताना रिक्षात मला रडू आलं. थकल्यामुळे नाही, रागाने.

गेले सहा महिने मला जो भेटतो तो एकच वाक्य ऐकवतो. ‘स्वतःकडे लक्ष दे गं.’ नणंद सांगते, ऑफिसातल्या मॅडम सांगतात, नवरासुद्धा सांगतो. दवाखान्यात हिमोग्लोबिन ८.६ निघालं, तेव्हा डॉक्टरांनीही तेच सांगितलं. बाईचं बारा तरी हवं. विश्रांती घ्या, जेवणं वेळेवर करा, लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका, वर लिंबूपाणी घ्या. सल्ला बरोबरच आहे, चहाने लोह अंगी लागत नाही. पण सकाळी सहा ते साडेनऊ मी एकदाच बसते, ती चहा प्यायला. दुपारी टेबलावर डबा खाताना गोळी घरी राहिल्याचं आठवतं. आणि ही माझ्या एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत गुजरातमधल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ६५ टक्के ॲनिमियाच्या निघाल्या. शंभरात पासष्ट! एवढ्या बायकांना एकदम स्वतःकडे लक्ष देता येत नाही असं निघालं, तर खोट बायकांमध्ये आहे की आणखी कुठे, हे कुणी विचारतच नाही.

वेळ कुठे जातो हे सरकारनेच मोजलंय. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणारी बाई दिवसाला २८९ मिनिटं त्यात घालवते, पुरुष ८८. मुलांचं, म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. पावणेपाच तास केर-लादी, भांडी, पोळ्या, डबे, आणि वर नोकरी. मग संध्याकाळी कोणी म्हणतं, योगाला का नाही जात?

जाते की. कधी जाऊ ते सांगा. आमच्या भागातल्या जिममध्ये लेडीज बॅच आहे अकरा ते चार. अकरा ते चार कोणती नोकरीवाली बाई मोकळी असते? योगाचा वर्ग सकाळी सहाला, आणि थोरलीची शाळेची रिक्षा सहा पन्नासला दारात. सोनोग्राफी दुपारी, फिजिओथेरपी दुपारी, दाताचा डॉक्टर संध्याकाळी आठपर्यंत आहे पण तिथे भिंतीवर कागद चिकटवलाय, ‘लहान मुलांना सोबत आणू नये’. माझी अक्कलदाढ चार महिने ठणकतेय.

आता पाळणाघराचं ऐका, कारण सगळ्यांचं पुढचं वाक्य तेच असतं. ‘अगं मग पाळणाघरात ठेव ना.’ मांजलपूरला आमच्या घराजवळची पाच घोडियाघरं मी स्वतः जाऊन पाहिली. दोघांनी सांगितलं, डायपर छूटे पछी लावजो, डायपर सुटल्यावर आणा. म्हणजे ज्या वयात आईला सगळ्यात जास्त गरज आहे त्याच वयात नाही. एक तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीला जाळी नव्हती. एका ठिकाणी अठरा मुलांमागे एक बाई, आणि टीव्ही चालू. पाचवं चांगलं होतं. बाई मायाळू, स्वयंपाकघर स्वच्छ. महिना साडेसहा हजार, आणि सहा वाजता बंद. माझं ऑफिस अलकापुरीत, सुटतं साडेसहाला. लालबाग पुलावर संध्याकाळची गर्दी ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. मी हात जोडले, जास्तीचे पैसे देते म्हटलं. त्या म्हणाल्या, मलाही घर आहे. त्यांचंही खरंच. त्यांची लेकरं कोण बघत असेल, असं मला तिथेच उभ्या उभ्या वाटलं. शेवटी मी साहेबांकडून एक तास लवकर निघायची परवानगी मागितली, त्याबदल्यात जेवणाची सुट्टी सोडली. आता डबा कामावर वाकूनच खाते. ८.६ का, ते आता कळलं असेल.

तास-दोन तासांसाठी मूल सांभाळणारं मला कुठेच मिळालं नाही. पूर्ण महिना भरा, नाहीतर नको. शनिवारी दोन तास, डॉक्टरकडे जायचं त्या दिवशी एक तास, असं काही नाहीच.

कायदा आहे बरं का. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे रजा, आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय, आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभा. वाचताना छाती भरून येते. मी ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, आपल्या रोलवर अठ्ठेचाळीसच आहेत. बाकीचे बारा कॉन्ट्रॅक्टवर. त्या बारांत सात बायका आहेत आणि त्यांतल्या चौघींना पाच वर्षांखालची मुलं आहेत. त्या माझ्याशेजारीच बसतात, तेच काम करतात, तेच पाणी पितात. पाळणाघर मोजायच्या वेळी मात्र त्या नसतातच.

अंगणवाडीबद्दल मी वाईट बोलणार नाही. १९७५ पासून ही योजना चालू आहे, आमच्या भागातली ताई पोषणाची नोंद, वजन, सर्वेक्षण, निवडणुकीची कामं सगळं ओढते. पण अंगणवाडी दुपारपर्यंतची. नोकरीवाल्या आईला ती पुरत नाही आणि ती त्यासाठी काढलेलीही नाही. लसीकरणाचं तसंच. आपल्याकडे ममता दिवस, म्हणजे लसीकरणाचा दिवस, बुधवारी. बाळाला सहा, दहा, चौदा आठवड्यांना, मग नऊ महिन्यांना, मग सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर. लस मोफत आहे, चांगली आहे, मी दोन्ही मुलांना तिथलीच दिली. पण प्रत्येक वेळी बुधवारची रजा गेली, आणि बिनपगारी गेली. महिन्यातून एक रविवार का नाही ठेवता येत? नर्सबाईंना बदली सुट्टी द्या, पण ठेवा.

एक सोय मात्र मला आईच्या वेळेत सापडली. टेली मानस, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट, चोवीस तास. पावसाळ्यात एका रात्री साडेबाराला, दोन्ही पोरं झोपल्यावर, मी मोरीत दार लावून फोन केला. पलीकडच्या बाई वीस मिनिटं बोलल्या. घाई केली नाही, ‘सकारात्मक विचार करा’ म्हटलं नाही. झोप किती होते ते विचारलं, जेवण विचारलं, आणि मग विचारलं, "दिवसातून तुमच्या हातातून मूल घेणारं कोणी आहे का?" सहा महिन्यांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कोणी विचारला. नाही म्हटलं आणि हुंदकाच फुटला. हा नंबर प्रत्येक आईने फोनमध्ये ठेवावा. पण त्या बाई फोनमधून येऊन माझं पोर घेऊ शकत नाहीत ना.

आणि हे सगळं कुठे चाललंय? बडोद्यात! सयाजीरावांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा, तेव्हा बाकी देशात कोणी नाव काढत नव्हतं. चिमणाबाई महाराणींच्या नावाने १९१४ मध्ये स्त्री उद्योगालय निघालं, बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. आमच्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता, आणि १९५० पासून इथे गृहविज्ञानाची फॅकल्टी. बालविकास शिकवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं या गावात तयार झाली. त्या फॅकल्टीसमोरून मी कितीदा मूल कडेवर घेऊन गेलेय. आठ मार्चला भाषणांत ही सगळी नावं येतात, माळा पडतात. त्या माळा घालणाऱ्यांनी मला सांगावं, चिमणाबाईंच्या गावात एका बाईला रक्त तपासायला जायचं असेल तर तिने पोर कुठे ठेवायचं?

‘पूर्वी वाड्यात कशी मुलं आपोआप वाढायची’ हे तर सांगूच नका. आम्ही मूळचे दांडिया बाजारचे, वाडा मीही पाहिलाय. आपोआप काही वाढत नव्हतं. एक विधवा आत्या होत्या, त्या सगळ्यांची मुलं बघायच्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं आणि पैसा तर कधी दिलाच नाही. मला तसं नकोय. मला पगार देऊन, शिकवून, नीट ठेवलेली बाई हवी आहे.

आणि शहराला जमत नाही असं मुळीच नाही. नवरात्रात नऊ रात्री हजारो लोक गरब्याला येतात, तेव्हा पार्किंग होतं, पाणी होतं, फर्स्ट एड होतं, पोलीस असतात. ज्यांना करायचं असतं त्यांना सगळं करता येतं. महापालिकेचे १९ वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डात अतिथिगृह, म्हणजे पालिकेचा लग्नकार्याचा हॉल, नाहीतर पालिकेची शाळा आहे, लग्नसराई सोडली तर अतिथिगृहं कितीतरी दिवस रिकामी असतात. एका वॉर्डात एक खोली द्या. खाली जमीन मऊ करा, खिडक्यांना जाळी लावा, दोन शिकलेल्या बायका नेमा, सकाळी आठ ते रात्री आठ, तासाला पन्नास रुपये घ्या. मी आनंदाने देईन. माझ्यासारख्या रांगेत उभ्या राहतील.

शनिवारच्या त्या संयोजकांना मी फोन केला. चारशे परत मिळणार नाहीत, पण पुढच्या शनिवारच्या सत्राला बसता येईल, असं उत्तर मिळालं. मुलांचं विचारलं तर म्हणाले, तो नियम आहे.

मी जाणार आहे. धाकट्याला घेऊन. ऑफिसातल्या त्या चौघींनाही मी विचारलंय, तिघी हो म्हणाल्या, त्यांची मिळून पाच पोरं. सतरंजी मी घरून नेणार आहे.