सिम्युलेशनमधला पिकोग्रॅम रक्तात का सापडत नाही

“सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्टीवर प्रथिनं बसली की तिच्या कंपनाची वारंवारता उतरते. सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं तर पिकोग्रॅमसुद्धा (ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग) दिसतो. म्हणजे रक्ताच्या एका थेंबातून हार्ट अ‍ॅटॅक मिनिटभरात ओळखता येईल.” अभियांत्रिकीच्या प्रोजेक्ट-अहवालांत आणि फॉरवर्डमध्ये हा दावा सतत फिरतो. यातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं निर्वातापुरतं खरं आहे आणि तिसरं या दोघांतून निघतच नाही.

पट्टी घेऊ 200 मायक्रॉन लांब, 40 रुंद, 1 जाड; एक टोक पक्कं, दुसरं मोकळं. यंग गुणांक, म्हणजे सिलिकॉनच्या कडकपणाचं माप, 169 गिगापास्कल धरला तर निर्वातात वारंवारता सुमारे 34 किलोहर्ट्झ येते आणि प्रभावी वस्तुमान (टोकाच्या कंपनात जेवढं मोजलं जातं तेवढं) 4.5 नॅनोग्रॅम. टोकावर 1 पिकोग्रॅम ठेवला की वारंवारता जवळजवळ 4 हर्ट्झने उतरते. इथपर्यंत सगळं झकास.

आता हीच पट्टी पाण्यात बुडवा. हलताना ती स्वतःच्या तेरापट पाणी सोबत ओढते. वारंवारता 9 किलोहर्ट्झवर येते, चिकटपणा धरला तर त्याहूनही खाली, आणि त्याच पिकोग्रॅमचा परिणाम उरतो 0.07 हर्ट्झ. शिवाय क्यू (कंपनाचं शिखर किती टोकदार आहे ते सांगणारा आकडा) एक आकडी होतो, म्हणजे अनुनादाचं टोकदार शिखर हजारो हर्ट्झ रुंद टेकाड बनतं. त्या टेकाडाचा माथा 0.07 हर्ट्झने सरकला की नाही, हे ओळखायचं आहे! अनेक मॉडेलांत पाण्याऐवजी नुसता एक अवमंदन-गुणांक, म्हणजे कंपनं किती झटकन मंदावतात याचा आकडा, टाकलेला असतो. त्याने शिखर पसरट होतं, पण ओढलेल्या पाण्याचं वस्तुमान हिशोबात येतच नाही. द्रव खरोखर सोडवायचा असेल तर पट्टीलगतचा, चिकटपणा जाणवणारा थर 9 किलोहर्ट्झला जेमतेम 6 मायक्रॉनचा असतो. त्यात मेशचे (गणितासाठी पाडलेल्या बारीक तुकड्यांच्या जाळीचे) चार-पाच थर तरी बसले पाहिजेत, नाहीतर क्यूचं उत्तर निरर्थक. यावरची खरी तोड 2007 मध्ये एमआयटीत बर्ग आणि मनॅलिस यांच्या गटाने दाखवली: द्रव पट्टीच्या पोटातल्या नळीतून वाहू द्यायचा आणि बाहेर निर्वात ठेवायचा. क्यू 15,000 च्या घरात गेला.

“मॉडेल अचूक असतं” हेही अर्धसत्य. जाडी 5 टक्के चुकली तर वारंवारता 5 टक्के चुकते, ताठरता मात्र 15. एचिंग करताना, म्हणजे रसायनाने सिलिकॉन कोरताना, बुंध्याखाली 5 मायक्रॉन जास्त कोरलं गेलं की वारंवारता आणखी 5 टक्के खाली. म्हणून प्रत्येक पट्टी उष्णतेमुळे आपोआप थरथरते त्या कंपनांचा वर्णपट आधी मोजावा आणि मॉडेल त्याच्याशी जुळवून घ्यावं. ड्रॉइंगवरची मापं चालत नाहीत.

“मिनिटभरात” हा शब्द तर सगळ्यांत घातक, कारण तो रुग्णाच्या जिवाशी जोडलेला आहे. हार्ट अ‍ॅटॅक ओळखायला रक्तात शोधतात ते हृदयस्नायूतलं प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन-आय; त्याचा रेणू साधारण 24 किलोडाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक). लिटरला 24 नॅनोग्रॅम, म्हणजे 1 पिकोमोलर, ही पातळी निदानाच्या उंबरठ्याजवळची. या पट्टीएवढ्या पृष्ठावर स्थिर द्रवात नुसत्या विसरणाने, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्याने, सेकंदाला डझनभर रेणू पोचतात. एका पिकोग्रॅमला लागतात अडीच कोटी. भागाकार करा: तीन आठवड्यांहून जास्त. प्रवाह दिल्याने वेळ काही पटींनी घटतो, मिनिटावर येत नाही. मॉडेलमध्ये रेणू “बसवलेला” असतो. तो तिथवर आला कसा, याचा हिशोब कुणी मांडत नाही. शिवाय रक्तात अल्ब्युमिन हे दुसरं प्रथिन लिटरला 40 ग्रॅम असतं आणि मोकळी जागा दिसली की तेच आधी चिकटतं.

“मग वारंवारता नको, रेणू चिकटल्यावर पृष्ठभागावर ताण येऊन पट्टीला येणारा वाक मोजू,” असं कुणी म्हणेल. पृष्ठीय ताणावरून वाक काढणाऱ्या स्टोनीच्या सूत्राने मीटरला 5 मिलीन्यूटन पृष्ठीय ताणाला आपली पट्टी अडीच नॅनोमीटर वाकते. पण हवा तो रेणू पकडणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बसवण्यासाठी एका बाजूला 20 नॅनोमीटर सोनं चढवलेलं असतं, आणि सोनं सिलिकॉनपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. तापमान 0.1 अंशाने हललं तरी दीड नॅनोमीटर वाक येतो. शेजारी तशीच, पण प्रतिपिंड नसलेली संदर्भ-पट्टी ठेवून फक्त फरक वाचायचा, हाच उपाय. 2000 साली झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेतल्या गटाने डीएनएच्या 12 अक्षरी तुकड्यांतला एका अक्षराचा फरक याच पद्धतीने पकडला होता. मॉडेलमध्येही दोन पट्ट्या काढाव्यात, आणि दुसरीची जाडी मुद्दाम दोन टक्क्यांनी वेगळी ठेवून पाहावं की फरकात तापमानाचा किती परिणाम शिल्लक राहतो.