‘कुणाचंच काही बिघडलं नाही’? फिलाडेल्फियातल्या माझ्या ताईला विचारा

परवा घरच्या ग्रुपवर मावशीने एक मेसेज पुढे ढकलला. ‘अमेरिकेत मिशनरी शाळा धडाधड बंद! श्रीमंतांची आणि धर्मांतराची दुकानं होती ती. पाद्र्यांना पापाची शिक्षा मिळाली. मुलं सरकारी शाळेत फुकट शिकतील, कुणाचंच काही बिघडलं नाही.’ त्याच ग्रुपवर माझी ताई आहे. ती फिलाडेल्फियात राहते आणि तिच्या मुलीची कॅथलिक शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली. ताईने मेसेज वाचला आणि गप्प बसली. मला गप्प बसवत नाही.

‘श्रीमंतांची’ हे साफ खोटं. सरकारी शाळेत कुठलं बायबल वाचायचं, प्रोटेस्टंटांचं की कॅथलिकांचं, हा वाद 1844 साली याच फिलाडेल्फियात इतका पेटला की दंगली होऊन कॅथलिक चर्च जाळली गेली. मोलमजुरी करणाऱ्या आयरिश कॅथलिक लोकांनी मग पै-पै जमवून आपल्या पॅरिशच्या, म्हणजे वस्तीतल्या चर्चच्या, शाळा उभ्या केल्या. मागून इटालियन, पोलिश आले. आज शहरातल्या अशा कितीतरी शाळांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं आहेत, आणि देशभरातल्या कॅथलिक शाळांत पाचातलं साधारण एक मूल कॅथलिकच नाही. धर्मांतराचं म्हणाल, तर माझी भाची सहा वर्षं तिथे शिकली. शाळेत मिस्साला, म्हणजे चर्चच्या प्रार्थनेला, बसायची आणि संध्याकाळी घरी शुभंकरोती म्हणायची.

पाद्र्यांच्या पापाबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागतं. पाद्र्यांनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल फिलाडेल्फियात 2005 आणि 2011 साली ग्रँड ज्युरीचे, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, जे अहवाल आले, ते वाचवत नाहीत. लोकांचा विश्वास उडाला, तो उगाच नाही. पण शाळांची गळती 1960 च्या दशकातच सुरू झाली होती. तेव्हा देशभर 50 लाखांवर मुलं या शाळांत होती, आज 17 लाखांच्या आसपास आहेत. पूर्वी बहुतेक नन्सच शिकवायच्या, तेही जवळजवळ बिनपगारी. त्या कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली, आणि ती परवडणारी कुटुंबं उपनगरांत निघून गेली. मग शिक्षा झाली ती मागे राहिलेल्यांना!

सरकारी शाळांचं तर बोलूच नका. 2013 मध्ये फिलाडेल्फियाने स्वतःच्याच वीसहून अधिक शाळांना टाळं लावलं, शिकागोने जवळपास 50 शाळांना.

आणि ‘कुणाचंच काही बिघडलं नाही’? हे वाक्य लिहिणाऱ्याने नोत्र दाम विद्यापीठातल्या मार्गारेट ब्रिनिग आणि निकोल गार्नेट यांचा शिकागोचा अभ्यास वाचावा. जिथली कॅथलिक शाळा गेली, तिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा कमी झालेला दिसला, रस्त्यावरची बेबंदशाही वाढलेली दिसली. शहरभर गुन्हे घटत होते, या वस्त्यांत ते कमी वेगाने घटले. वस्ती आधीच बिघडली म्हणून शाळा पडली असेल, असं कुणी म्हणेल. ही शंका त्यांनीच घेतली. शाळा टिकणार की नाही हे तिथल्या पॅरिशचे फादर कसे आहेत यावरही ठरत होतं. तो धागा धरून त्यांनी वस्तीच्या गरिबीचा परिणाम वेगळा काढला, तरी निष्कर्ष तोच राहिला. लॉस एंजेलिसमध्ये चित्र इतकं स्पष्ट नव्हतं, हेही त्यांनी लपवलेलं नाही.

असं का होतं, ते मला ताईच्या बोलण्यातून कळलं. शाळा सुटायच्या वेळी पायऱ्यांवर आया आणि आज्या जमायच्या. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची नोकरी गेली, सगळं तिथे कळायचं. ताईला कामावरून यायला उशीर झाला, तर हैतीची एक आजी आपल्या नातवाबरोबर भाचीलाही घरी न्यायची, राजमा-भात वाढायची. आता भाची दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत जाते. तो मुलगा कुठल्या शाळेत गेला, ताईला ठाऊक नाही. आजीचा फोन नंबरही तिच्याकडे नाही. रोजच भेट व्हायची, त्यामुळे तो कधी घ्यावाच लागला नव्हता.